टिपणीसांच्या होडीची पेटी

टिपणीस नवीन माणसाला भेटले की आधी त्याचं माप घेतात. नजरेने वगैरे नाही, टेपने. मला ते पहिल्यांदा लिफ्टमध्ये भेटले. "नमस्कार, मी टिपणीस, तिसरा मजला," असं म्हणता म्हणता त्यांनी शर्टाच्या खिशातून पोलादी टेप काढला, सर्रकन लिफ्टच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत ताणला, आणि मी मध्ये येत होतो म्हणून माझीही रुंदी घेतली. "एकोणीस इंच," ते समाधानाने म्हणाले. "बसेल."

काय बसेल, कुठे बसेल, हे विचारायच्या आत तिसरा मजला आला आणि ते उतरून गेले. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, तर नीलिमा म्हणाली, "एकोणीसच? टेप जुना असेल त्यांचा."

एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या सोसायटीत टिपणीस नवे होते. विम्याच्या कचेरीतून निवृत्त, वय बासष्ट, लग्न केलेलं नाही, आई होती ती तीन वर्षांपूर्वी गेली. एवढी माहिती नीलिमाने दोन दिवसांत काढली. तिसऱ्या दिवशी ती त्यांच्या घरी जाऊन आली आणि तिथून माझे वाईट दिवस सुरू झाले. टिपणीसांच्या दाराला सायकलची घंटी होती, वीज गेली तरी वाजणारी. गॅलरीत कपड्यांची दोरी अशी बांधलेली, की पावसाचा थेंब पडला आणि एक झटका दिला की सगळे कपडे सरसरत घरात. स्वयंपाकघरात डब्यांची फडताळं कुणाच्या तरी मोडक्या कपाटातून केलेली.

"विकत कशाला?" हे त्यांचं एक वाक्य. दुसरं वाक्य, "तात्पुरतं आहे हो." केलेल्या प्रत्येक वस्तूला ते तात्पुरतंच म्हणत. ती घंटी जुन्या घरापासून बावीस वर्षं तात्पुरती होती.

"नाहीतर आपल्याकडे," नीलिमा म्हणाली आणि थांबली. वाक्य पुरं करायची गरज नव्हती. माझं आडनाव मेस्त्री आहे आणि मला खिळा ठोकता येत नाही.

माझे वडील, आबा, मूळचे कुडाळकडचे. रेल्वेच्या वर्कशॉपात छत्तीस वर्षं सुतार होते. त्यांनी जोडलेली खुर्ची हत्ती बसला तरी कुरकुरणार नाही. पण मला त्यांनी कधी हत्याराला हात लावू दिला नाही. लहानपणी मी रंधा उचलला की ते तो माझ्या हातातून काढून घेत आणि म्हणत, "तू अभ्यास कर." मी अभ्यास केला. बँकेत लागलो, बँकेतून मुदतीआधी निवृत्त झालो, आणि आता सत्तावन्नाव्या वर्षी घरात बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवतो. आबा चौऱ्याऐंशीचे. आई गेल्यापासून गॅलरीतल्या खुर्चीत बसून असत. खाली म्हणून उतरत नसत. त्यांची हत्यारांची पेटी पलंगाखाली होती. ती माझ्या हाती यायची नाही हे ठरलेलं होतं, पण ती दुसऱ्या कुणाच्या हाती जाईल असंही मला कधी वाटलं नव्हतं.

मग एका रविवारी सकाळी टिपणीसांची होडी आली. चौदा फुटी, पांढरी, शिडाची होडी, दोन चाकांच्या ट्रेलरवर. मुंबईच्या कुठल्याशा क्लबाने जुन्या होड्या काढून टाकल्या, त्यातली एक त्यांनी घेतली होती आणि आपल्या जुन्या व्हॅनला जोडून ओढत आणली होती. सेक्रेटरी धावत आले. "टिपणीसकाका, ही पार्किंग दोन चाकी आणि चार चाकी वाहनांसाठी आहे."

"याला दोन चाकं आहेत," टिपणीस म्हणाले. "मोजा."

सेक्रेटरींनी खरंच मोजली. होडी राहिली.

शिडाची पिशवी लिफ्टमधून वर गेली, मीही आत असताना. बसली. एकोणीस इंचांचा उलगडा झाला. पण शीड, दोऱ्या, कप्प्या, सुकाणू, पोहण्याची जाकिटं असा संसार दर रविवारी खाली न्यायचा आणि वर आणायचा म्हणजे ताप. होडीतच ठेवून पाहिला, तर महिन्याभरात उंदरांनी शिडात बाळंतपणं उरकली. तेव्हा टिपणीसांनी ठरवलं, की ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर, होडीचं नाक आणि व्हॅनची पाठ यांच्यामध्ये जी जागा असते, तिथे एक पेटी बसवायची. झाकणाची, कुलपाची, पाणी न शिरणारी. तयार पेटी मिळते, पण तिच्या किमतीत दुसरी होडी येईल असं ते म्हणाले. अर्थात, विकत कशाला?

कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या तोडफोडीतून त्यांनी प्लायवूड आणलं. जवळच्या चांदीप गावात एक जुनं घर उतरवत होते, तिथून सागाच्या पट्ट्या आणल्या. सायकलची फाटकी ट्यूब झाकणाच्या कडेला लावायला, वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स वरून मढवायला. आणि ट्रेलरशेजारी दोन स्टुलं मांडून ते करवत चालवू लागले.

मी गॅलरीत आबांच्या शेजारी उभा होतो. आबा खाली बघत होते. पाच मिनिटं त्यांनी सहन केलं. मग खुर्चीचे हात घट्ट धरून ते कठड्यावरून ओरडले, "रे मेल्या! लाकूड कापतंस की माशाची खवळां काढतंस?"

मी हादरलो. आई गेल्यापासूनच्या दीड वर्षात आबांचा आवाज एवढा मोठा मी ऐकला नव्हता. खाली टिपणीसांनी वर पाहिलं. "काय चुकलं, आजोबा?"

"सगळाच चुकला! हात असो धरतत? बापाशीन काय शिकवल्यान तुका?"

"काहीच नाही शिकवलं," टिपणीस म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू होतं, जसं काही कुणी पेढा दिला.

आबा उठले. चपला घातल्या. मी म्हटलं, "आबा, डॉक्टरांनी जिने..." ते म्हणाले, "लिफ्ट आसा मां?" आणि गेले. दहा मिनिटांनी परत आले, पलंगाखालून हत्यारांची पेटी ओढून काढली आणि मला म्हणाले, "जरा उचल." मी उचलली. खाली नेऊन ठेवली. तेवढंच माझं काम होतं.

त्यानंतर रोज चारला चहा झाला की आबा खाली. मी गॅलरीत. वरून सगळं ऐकू येई. "कोन बघ, कोन! गुण्यात नाय ता." "स्क्रू पिळतंस की चावी देतंस घड्याळाक?" "सागाक वास आसा, घेऊन बघ." आणि टिपणीस, वयाने बासष्ट, सागाच्या पट्टीला नाक लावून डोळे मिटून उभे. टेप मात्र टिपणीसांचा. आबा डोळ्याने अंदाज सांगत, टिपणीस टेप लावत, आणि आबांचा अंदाज बरोबर निघाला की टिपणीस स्वतःच शोध लावल्यासारखे ओरडत, "तंतोतंत!"

एकदा रंधा चालत नव्हता तेव्हा आबा त्यांच्या मागे उभे राहिले, त्यांच्या हातांवर आपले हात ठेवले आणि दोघांनी मिळून रंधा मारला. लांब, पातळ, गुंडाळी होत जाणारा झिलपा निघाला. मी आत गेलो. शब्दकोडं घेतलं. "मत्सर, तीन अक्षरी" असं काही नव्हतं त्यात, पण मला तेच दिसत होतं.

मला वाटलं, आपणही करून दाखवू. मी ड्रिल मशीन आणलं, विकत, आणि सगळ्यात महागातलं. मोबाइलवर बघून बघून चार दिवस खपून चपलांची मांडणी केली आणि दाराशी भिंतीला लावली. आबा संध्याकाळी वर आले तेव्हा त्यांना दाखवली. मांडणी एका बाजूला झुकली होती हे मलाही दिसत होतं. मी वाट बघत होतो. ते म्हणतील, मेल्या, ह्या काय केलंस? कोन खय आसा?

आबांनी मांडणीवरून हात फिरवला. "बरा केलंस हां," ते अगदी सभ्यपणे म्हणाले. पाहुण्याला म्हणावं तसं.

तिसऱ्या दिवशी मांडणी पडली, नीलिमाच्या पायाजवळ. आबांनी ती न बोलता परत लावून दिली. तेव्हापासून ती सरळ आहे. मला तिच्यात चपला ठेवाव्याशा वाटत नाहीत.

नीलिमा म्हणाली, "तुम्हाला आनंद नाही का, आबा पूर्वीसारखे जेवायला लागले? काल दोन भाकऱ्या खाल्ल्या."

"आनंद आहे," मी म्हटलं.

"मग तोंड असं का?"

मी सांगितलं नाही. सत्तावन्नाव्या वर्षी माणसाने बायकोला कसं सांगायचं, की आबा त्याला ओरडतात, मला ओरडत नाहीत!

पेटी व्हायला अडीच महिने लागले. खरं सांगायचं तर ती देखणी झाली. पुढे निमुळती, म्हणजे वळणावर व्हॅनला घासू नये, मागे रुंद, कोपऱ्यांना सागाच्या पट्ट्या, झाकणाखाली ट्यूबची कड. वरून मढवलेल्या फ्लेक्सवर कुठल्याशा दादांची अर्धी मिशी आणि "हार्दिक" एवढंच उरलं होतं. टिपणीसांनी आत बिस्किटांचा पुडा ठेवला, झाकण लावलं आणि पाइपने दहा मिनिटं पाणी मारलं. मग पुडा काढून सगळ्यांना एकेक कोरडं बिस्किट वाटलं. सेक्रेटरींनी दोन घेतली. मी नको म्हटलं. मधुमेह नसताना नको म्हटलं.

त्या रविवारी आम्ही कळंबच्या समुद्रकिनाऱ्यावर गेलो. पुढे टिपणीसांची व्हॅन, तिला ट्रेलर, ट्रेलरवर पेटी आणि होडी. मागे आमची गाडी. आबा टिपणीसांच्या व्हॅनमध्ये बसले, पेटीचा आवाज येतो का ते ऐकायला. किनाऱ्यावर त्यांना सुरूच्या सावलीत खुर्ची दिली. टिपणीसांनी पेटी उघडली, शीड काढलं, दोऱ्या ओवल्या, आणि बघता बघता होडी पाण्यात. मला आशा होती, की निदान हे तरी त्यांना येत नसेल. पण त्यांनी क्लबात जाऊन रीतसर शिकून घेतलं होतं. शीड वाऱ्याने भरलं आणि तो किडकिडीत, चष्मेवाला विमा कारकून सरळ रेषेत समुद्रात गेला, वळला आणि हात हलवून आबांना खूण केली. आबांनीही हात हलवला.

मी आबांसाठी शहाळं आणायला गेलो होतो. शहाळंवाली बाई आपली टोपली घेऊन माझ्याबरोबरच आली. तिने शहाळं तासलं, आबांच्या हातात दिलं आणि समुद्राकडे बघत विचारलं, "पानी गोड हाय ना, बाबा? आनि तो नाववाला, तुमचाच पोरगा काय?"

आबांच्या तोंडात नळी होती. त्यांनी मान हलवली. आता ती मान पाण्याच्या गोडीला हलवली की पोराला, हे मी त्यांना विचारू शकलो असतो. विचारलं नाही. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो.

घरी येताना मी गाडी दोनदा चुकीच्या वळणाला घातली. नीलिमाला वाटलं ऊन लागलं.

आता पेटी झाली होती, म्हणजे काम संपलं होतं. सोमवारी आबा चारला चहा प्याले आणि खुर्चीतच बसून राहिले. मंगळवारीही. मी त्यांच्याशी बोलायचा प्रयत्न केला. "पेपर वाचून दाखवू का?" "नको. तू तुझा कर." बुधवारी मात्र दारावर टिपणीस. "आबा आहेत का? झाकणाची बिजागरी सैल झालीय."

आबा चपला घालून खाली. शनिवारी परत बिजागरी. त्याच्या पुढच्या मंगळवारी कडी. आबा त्यांना वाट्टेल ते बोलत. अडीच महिने शिकवून स्क्रू सैल पडतो म्हणजे काय! टिपणीस मान खाली घालून ऐकत आणि त्यांचे कान आनंदाने लाल होत. मला मनातून बरं वाटू लागलं. म्हणजे पेटी काही एवढी ग्रेट झाली नव्हती तर!

त्यानंतरच्या शुक्रवारी दुपारी पावणेचारच्या सुमारास मी केळी आणायला खाली उतरलो. पार्किंगमध्ये कुणी नव्हतं. ट्रेलरपाशी टिपणीस वाकलेले. हातात स्क्रूड्रायव्हर. मी खांबाआड थांबलो. ते बिजागरीचा शेवटचा स्क्रू उलटा फिरवत होते. एक फेरा, दोन फेरे, तीन. हलवून पाहिलं. आणखी अर्धा फेरा. मग समाधानाने मान हलवून त्यांनी शर्ट नीट केला.

मला झालेला आनंद सांगवत नाही. इतक्या महिन्यांनी चोर सापडला होता.

"टिपणीस!" मी ओरडलो. ते असे दचकले, की स्क्रूड्रायव्हर हातातून पडला. "म्हाताऱ्या माणसाला फसवता? चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत ते! तुम्ही मुद्दाम स्क्रू सैल करता आणि त्यांना खाली बोलावता? लाज नाही वाटत?"

"वाटते," टिपणीस म्हणाले.

भांडायची इतकी तयारी झालेली असताना समोरच्याने असं म्हटलं की पंचाईत होते. मी म्हटलं, "मग?"

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "मी दोन वर्षांचा होतो तेव्हा वडील गेले. आई आणि दोन आत्या. घरात पुरुष मी एकटा. मी काहीही केलं तरी 'वा, श्री, वा!' वाकडी रेघ काढली तरी वा. तिघींनाही माझ्या वडिलांची आठवण यायची, म्हणून मला कुणी कधी बोललंच नाही. कचेरीतही मी कुणाच्या अध्यात ना मध्यात. तुम्हाला सांगतो मेस्त्री, त्या दिवशी आबा वरून ओरडले ना, बापाने काही शिकवलं नाही का म्हणून, तेव्हा मला वाटलं, चला, कुणीतरी विचारलं." त्यांनी चष्मा परत घातला. "मला तुमचा फार हेवा वाटतो. सबंध लहानपण तुम्ही हे ऐकलं असेल. त्यांनी तुमचे हात धरून रंधा शिकवला असेल."

"नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"मला कधी हात लावू दिला नाही त्यांनी. मी अभ्यास केला. मला ते आजवर मेल्या म्हणालेले नाहीत."

हे मी कुणाला बोललो नव्हतो. नीलिमालाही नाही. आणि बोललो तर कुणापाशी, ज्याच्यावर महिनोन्‌महिने जळत होतो त्या माणसापाशी. टिपणीसांनी खाली वाकून स्क्रूड्रायव्हर उचलला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तुम्ही हे धरा."

"कशाला?"

"आबा चारला खाली येतील. मी त्यांना काल सांगून ठेवलंय. आज तुम्ही घट्ट करा."

"मला येत नाही."

"तेच तर," टिपणीस म्हणाले. "मला आता येतं. म्हणून तर मला सैल करून ठेवावं लागतं. तुम्हाला काहीच नाटक करावं लागणार नाही."

लिफ्टचं दार वाजलं. मला पळून जावंसं वाटलं, पण हातात स्क्रूड्रायव्हर होता आणि टिपणीस दोन पावलं मागे सरकून होडीच्या पलीकडे जाऊन उभे राहिले होते. मी वाकलो आणि स्क्रूत टोक घातलं. ते निसटलं. परत घातलं, जोर केला, ते पुन्हा निसटलं आणि सागाच्या पट्टीवर चांगला बोटभर ओरखडा उठला.

मागे आबांच्या चपला थांबल्या. मी वळलो नाही.

"पको?" आबा म्हणाले. घरात मला पको म्हणतात. "तू काय करतंस हंय?"

"बिजागरी सैल झालीय. घट्ट करतोय."

आबांनी ओरखडा पाहिला. बोट फिरवलं त्याच्यावर. मला वाटलं, आता पुन्हा 'बरा केलंस' येणार.

"मेल्या," आबा म्हणाले. आवाज चढत गेला. "साग आसा ह्यो, साग! शंभर वर्षां उभो होतो, तुका ओरबडूक गावलो? स्क्रूड्रायव्हर असो तिरको धरतत? हयसून दाब! मनगटान नाय, खांद्यान!" आणि ते माझ्या मागे आले. त्यांचा हात माझ्या हातावर आला, खरखरीत, गरम, अजून वजनदार. स्क्रू फिरला. मला समोरचं नीट दिसत नव्हतं, त्यामुळे किती फेरे फिरला ते सांगता येणार नाही.

तिसरा स्क्रू झाल्यावर मी वर पाहिलं. होडीच्या पलीकडून टिपणीस आमच्या हातांकडे बघत होते. हसत होते, पण ते हसू त्यांनी धरून ठेवलेलं होतं. माझं लक्ष गेलं तसे ते घाईघाईने होडीची दोरी बघायला लागले, जिला काहीच झालं नव्हतं. गॅलरीत उभा राहून मी इतके दिवस कसा दिसत असेन, ते मला तेव्हा दिसलं.

"टिपणीस," मी म्हटलं, "झाकण हलतंय. कुणीतरी धरायला हवंय."

ते जागचे हलले नाहीत. "मी? नको, तुमचं दोघांचं चाललंय ते..."

"तोंड काय बघतंस?" आबा त्यांच्यावर कडाडले. "ऐकूक येना नाय? धर ता!"

टिपणीस होडीला वळसा घालून अक्षरशः धावत आले आणि त्यांनी झाकण दोन्ही हातांनी धरलं. उलट्या बाजूने धरलं. मुद्दाम की चुकून, ते मी विचारलं नाही.